व्याज लंडनच्या तिजोरीतून, भाकरी पॉपलरच्या घरपट्टीतून

एमएच्या विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटननं कर्जाचं व्याज वेळच्या वेळी भरलं, पण गरिबांची मदत आणि बेकारांचा भत्ता मात्र कापला. मग कर्ज फेडायला पैसे हवेत म्हणूनच मदत कापली, असं म्हणता येईल का? आणि कापायचंच होतं तर रोखेधारकांचं व्याज का नाही कापलं?

आधी माझी बाजू सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एकतीस वर्षं स्थानिक निधी लेखापरीक्षेत नगरपालिका, जिल्हा परिषदा, बाजार समित्यांचे हिशेब तपासले. या विषयात शिरलो तो एका शब्दामुळे: अधिभार. बेकायदा खर्च मंजूर करणाऱ्याच्या खिशातून तो वसूल करायचा, ही तरतूद आपल्या १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमात आहे. तिचं माहेर शोधत गेलो आणि इंग्लंडातल्या पॉपलर नावाच्या गरीब वस्तीत पोचलो. त्यानंतर बाहेर पडता आलं नाही. तेव्हा मी हिशेबनिसाच्या नजरेनं उत्तर देतो. राजकारण त्यातून आपोआप दिसेल.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती आधी सोडवू. ‘सरकार’ म्हणजे एकच तिजोरी, आणि त्या तिजोरीतून एका हातानं व्याज, दुसऱ्या हातानं मदत, असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. १९३० च्या आसपासपर्यंत इंग्लंडात तसं नव्हतं. युद्धकर्जाचं व्याज लंडनच्या ट्रेझरीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीतून जायचं. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही अशा माणसाला मिळणारी मदत मात्र स्थानिक ‘बोर्ड ऑफ गार्डियन्स’ द्यायचं, आणि त्याचे पैसे त्या त्या भागातल्या ‘रेट्स’मधून, म्हणजे आपल्या घरपट्टीतून यायचे. १८३४ च्या पुअर लॉची, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्याची, ही व्यवस्था शंभर वर्षं जवळजवळ तशीच चालली. तिसरा खिसा बेकार विम्याचा. १९११ साली सुरू झालेल्या आणि १९२० मध्ये बहुतेक कामगारांपर्यंत पोचलेल्या या विम्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांची वर्गणी असे. हे तीन खिसे वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं काहीच कळणार नाही.

आता कर्जाचा आकडा. १९१४ साली ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज साधारण ६५ कोटी पौंड होतं. युद्ध संपेपर्यंत ते सातशे कोटींच्या पुढे गेलं. विसाच्या दशकात नुसत्या व्याजापोटी दरवर्षी ३० कोटी पौंडांच्या आसपास जात, म्हणजे केंद्र सरकारच्या खर्चातला मोठा लचका. त्यावर १९२३ मध्ये अर्थमंत्री बाल्डविननं सिंकिंग फंडाची, म्हणजे मुद्दल फेडण्यासाठी बाजूला काढायच्या रकमेची, पायरी कायद्यानं ठरवली: पहिल्या वर्षी ४ कोटी, मग साडेचार, मग दरवर्षी ५ कोटी पौंड. त्याआधी १९२२ मध्ये गेडिस समितीनं खर्चावर कुऱ्हाड चालवली होती. तिनं सुमारे ८.७ कोटींची कपात सुचवली आणि सुमारे ५.२ कोटींची प्रत्यक्षात झाली. एवढी शिस्त पाळून कर्जाचं ओझं उतरायला हवं होतं. झालं उलटं. १९२५ मध्ये पौंड युद्धापूर्वीच्या दरानं, ४.८६ डॉलरला, पुन्हा सोन्याला बांधला. किमती घसरत राहिल्या, व्याजदर चढे राहिले, आणि देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज दशकभरात कमी होण्याऐवजी वाढलं. १९१७ साली महागाईच्या पौंडात उसने दिलेले शंभर, १९३० च्या स्वस्ताईत कितीतरी जड झाले होते. सावकाराला न मागता मिळालेला हा नफा. त्याकडे फार कोणी बोट दाखवत नव्हतं, कारण तो कोणत्याच वहीत जमेला दिसत नव्हता.

आता गरिबांच्या वहीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव इथेच अडकलेला आहे.

पॉपलर हा पूर्व लंडनमधला गोदी कामगारांचा भाग. १९२० च्या शेवटी मंदी आली आणि गोदीतलं रोजंदारीचं काम आटलं. घरपट्टीच्या दरात एक पेनी वाढवली की पॉपलरमध्ये साधारण साडेतीन हजार पौंड गोळा व्हायचे. तीच एक पेनी वेस्टमिन्स्टरमध्ये वाढवली की ३० हजारांच्या आसपास. वेस्टमिन्स्टरमध्ये भुकेली माणसं थोडी, पॉपलरमध्ये गल्लोगल्ली. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच पट्टी जास्त, आणि ती भरायची कोणी? शेजारच्या भाडेकरूनं, ज्याची नोकरी पुढच्या आठवड्यात जायची होती.

त्यात पॉपलरच्या नगरपालिकेला स्वतःच्या घरपट्टीबरोबर वरच्या संस्थांसाठीही वसुली करावी लागे: लंडन काउंटी कौन्सिल, महानगर पोलीस, पाणी मंडळ, असायलम मंडळ. आपल्याकडे नगरपालिका घरपट्टीच्या बिलातच शिक्षण कर आणि रोजगार हमी कर लावते आणि शासनाला भरते, तसंच समजा. मार्च १९२१ मध्ये पॉपलरच्या नगरसेवकांनी ठरवलं की वरच्या संस्थांची वसुली लावायचीच नाही; जे गोळा होईल ते इथल्या गरिबांना. प्रकरण हायकोर्टात गेलं. नगरसेवक बँड आणि फलक घेऊन, हजारो लोकांसह चालत कोर्टात गेले. कोर्टाचा हुकूम त्यांनी मानला नाही, तेव्हा सप्टेंबरमध्ये तीस जणांना तुरुंगात टाकलं. पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. नेली क्रेसल तेव्हा गरोदर होती. जॉर्ज लान्सबरी हा त्यांचा पुढारी, आणि त्याची सून मिनी हीही आत होती. पुढच्या १ जानेवारीला न्यूमोनियानं ती गेली, वय ३२. ब्रिक्स्टनच्या तुरुंगात नगरपालिकेच्या सभा भरत. एकतीस वर्षांत मी विषयपत्रिका, गणपूर्ती, इतिवृत्त यांवर शेकडो शेरे मारले, पण तुरुंगात भरलेल्या सभेच्या इतिवृत्तावर काय शेरा मारला असता, हे मला अजून सुचलेलं नाही.

सहा आठवड्यांनी ते सुटले आणि त्यांच्या मागणीचा मोठा भाग कायद्यात आला. वर्कहाउसबाहेर (म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी घराबाहेर) दिल्या जाणाऱ्या मदतीचा खर्च आता सगळ्या लंडननं मिळून उचलायचा, श्रीमंत भागांनी जास्त. तुमच्या निबंधासाठी ही महत्त्वाची नोंद आहे, कारण इथे मदत कापली नाही, वाढली; आणि राष्ट्रीय कर्जाशी तिचा काहीही संबंध नव्हता. भांडण होतं लंडनमधल्या लंडनमध्ये.

पण याच पॉपलरचं दुसरं प्रकरण माझ्या बिरादरीचं. नगरपालिका आपल्या कामगारांना, बायका असोत वा पुरुष, आठवड्याला किमान ४ पौंड देत होती. बाजारातली मजुरी घसरली तरी तिनं ती कमी केली नाही. डिस्ट्रिक्ट ऑडिटर कार्सन रॉबर्ट्स यांनी १७ हजार पौंड नामंजूर केले आणि ५ हजारांचा अधिभार लावला. १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ऑडिटरची बाजू उचलून धरली. मला विचाराल तर कायद्याच्या चौकटीत त्या ऑडिटरचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खर्च ‘वाजवी’च हवा असा कायद्याचा अर्थ लावला की कोणाला तरी ते वाजवीपण मोजावं लागतं. पण युद्धकर्जाचं व्याज स्वस्ताईच्या काळात वाजवीपेक्षा जड झालंय, असा आक्षेप घेण्याचा अधिकार कोणत्याही ऑडिटरला नव्हता. हे मला सेवेत असताना कळलं नाही, निवृत्त झाल्यावर कळलं.

एक आपल्याकडची आठवण सांगतो, नाव न घेता. एका छोट्या नगरपालिकेत पाणीयोजनेच्या कर्जाचा हप्ता अनुदानातून वरच्या वर कापला जाई. मुख्याधिकाऱ्यांच्या हाती येई तो उरलेला चेक. सफाई कामगारांचा पगार तीन-तीन महिने थकलेला. मी अहवालात लिहिलं, ‘कर्जाची परतफेड नियमित आहे.’ वाक्य शंभर टक्के खरं होतं. मागच्या बाकावर हजेरी मुकादम बसला होता, तो म्हणाला, “साहेब, नियमित काय असतं ते आम्हालाबी लिहून द्या की.” ज्याचा हप्ता मुळातच कापला जातो तो कधी थकत नाही. थकतो तो हाताला येणारा.

पॉपलरनंतर गार्डियन्सचा पुढचा मार्ग म्हणजे कर्ज. विशेषतः १९२६ च्या कोळसा टाळेबंदीत खाणकामगारांची घरंच्या घरं गार्डियन्सच्या दारात आली आणि घरपट्टी भरणारं कोणी उरलं नाही. खाणींपासून दूर, पूर्व लंडनलगतच्या वेस्ट हॅमच्या गार्डियन्सचंही देणं २० लाख पौंडांच्या घरात गेलं. तेव्हा आरोग्यमंत्री होते नेव्हिल चेंबरलेन. (दुसऱ्या महायुद्धाआधी हिटलरशी वाटाघाटी करणारे तेच, या सगळ्या गोष्टीत त्यांची सही सारखी भेटते.) त्यांनी १९२६ मध्ये कायदा करून वेस्ट हॅम, चेस्टर-ल-स्ट्रीट आणि पुढे वेल्समधलं बेडवेल्टी इथली निवडून आलेली बोर्डं बाजूला केली आणि आपली माणसं नेमली. आपल्याकडे नगरपालिकेवर प्रशासक बसवतात, अगदी तेच. मदत लगेच आवळली गेली.

आता तुमच्या प्रश्नाला थेट भिडू या, कारण इथे कर्ज आणि मदत एकमेकांना भेटतात, पण तुम्ही समजता तसे नाहीत. राष्ट्राचं सातशे कोटींचं कर्ज ही पत मानली गेली. वेस्ट हॅमचं वीस लाखांचं कर्ज ही उधळपट्टी. एकाला सिंकिंग फंड, दुसऱ्याला प्रशासक. वेस्ट हॅममध्ये ढिलाई नव्हती असं मी म्हणत नाही. पण घरपट्टीचा पाया एवढा आटला असताना कोणत्या दक्ष बोर्डानं हा हिशेब जुळवला असता, हे मला वही उलटून-पालटून पाहिली तरी दिसत नाही. १९२९ च्या कायद्यानं गार्डियन्स बरखास्त झाली. १ एप्रिल १९३० पासून काम काउंट्यांच्या पब्लिक असिस्टन्स कमिट्यांकडे गेलं. हाही कायदा चेंबरलेन यांचाच.

खरी गाठ पडते १९३१ मध्ये. आता आकडे नीट पाहा, कारण बहुतेक पुस्तकं इथून घाईनं निघून जातात.

जुलैच्या शेवटी, सरकारी खर्च तपासायला नेमलेल्या सर जॉर्ज मे यांच्या समितीचा अहवाल आला: १२ कोटी पौंडांची तूट येणार. बाजारात घबराट, सोनं बाहेर जाऊ लागलं. समितीनं साडेनऊ कोटींच्या वर कपात सुचवली आणि त्यातली सुमारे ६ कोटी ६५ लाखांची एकट्या बेकार विम्यातून. पण ती १२ कोटींची तूट मोजली कशी? समितीनं दोन गोष्टी चालू खर्चात धरल्या. एक, बेकार विमा निधीला ट्रेझरीकडून मिळणारी उसनवार. दुसरी, सिंकिंग फंडाचे सुमारे ५ कोटी, म्हणजे मुद्दल परतफेड. आपल्या पद्धतीत मुद्दल फेडणं हा महसुली खर्च नसतो. देणं कमी होतं तेवढीच रोकड कमी होते, संस्थेची निव्वळ मालमत्ता होती तेवढीच राहते. व्याज खर्च, मुद्दल नाही. कोणत्याही नगरपालिकेच्या लेखापालानं मुद्दलाचा हप्ता महसुली तुटीत दाखवला तर मी त्याला दुरुस्ती करायला लावली असती. इंग्लंडात मात्र ट्रेझरीची रूढीच अशी होती की सिंकिंग फंड कर आकारूनच भरायचा, म्हणजे तो चालू खर्चातच. समितीनं खोटं काही केलं नाही. पण रूढी वेगळी असती तर तोच देश, त्याच वर्षी, खूपच लहान तुटीत दिसला असता.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की १९३१ ची कपात काही अंशी खरोखर कर्जफेडीच्या नोंदीतून आली. पण तिजोरीत पैसे नव्हते म्हणून नाही. मुद्दल फेडणं हा अत्यावश्यक खर्च आणि बेकाराचा भत्ता हा कमी करता येणारा खर्च, असं वही लिहितानाच ठरलं होतं म्हणून. याचा एक पुरावा असा: सप्टेंबरच्या तातडीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री स्नोडननं स्वतःच सिंकिंग फंडाची तरतूद कमी केली. हे करता येत होतं. आधी केलं असतं तर सरकार वाचलं असतं का, हे मी सांगणार नाही. बाजाराला तेव्हा आकड्यांपेक्षा शिस्तीचं सोंग हवं होतं, असंही म्हणता येतं.

मजूर पक्षाचं मंत्रिमंडळ भत्त्याच्या १० टक्के कपातीवर फुटलं. २४ ऑगस्टला पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी विरोधकांना घेऊन ‘राष्ट्रीय’ सरकार बनवलं, कपात झाली. पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सांवर आला. २१ सप्टेंबरला देश सोन्यावरून उतरला, पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सुटली, म्हणजे जे वाचवण्यासाठी कपात केली ते महिन्याच्या आत गेलंच.

कपातीपेक्षा बोचली ती मीन्स टेस्ट, म्हणजे घरच्या मिळकतीची चौकशी, नोव्हेंबर १९३१ पासूनची. २६ आठवड्यांचा विमा संपला की पब्लिक असिस्टन्स कमिटीचा माणूस घरी यायचा. तो फक्त बेकाराचं उत्पन्न नाही, सगळ्या घराचं विचारायचा: मुलगी दुकानात किती कमावते, म्हाताऱ्याचं पेन्शन किती, पोस्टात काही टाकलंय का, भाडेकरू ठेवलाय का. मुलीची मजुरी वाढली की बापाचा भत्ता घटायचा. कुठे कुठे कमावतं पोर निघून दुसरीकडे खोली घ्यायचं, तेवढ्यानं बापाला भत्ता जास्त. विम्याचं रूप जाऊन पुन्हा पुअर लॉचं दार आलं, हे लोकांना झोंबलं. डरहॅम आणि रॉदरहॅमच्या कमिट्या फार सौम्य वागतात म्हणून १९३२ मध्ये त्यांचं काम सरकारनं काढून घेतलं. पुन्हा प्रशासक.

आता तुमचा दुसरा प्रश्न: रोखेधारकांचं व्याज का नाही कापलं? कापलं. आणि टक्केवारीत भत्त्यापेक्षा जास्त कापलं. इथे डावे-उजवे दोघेही अर्धंच सांगतात.

१९१७ चा पाच टक्क्यांचा वॉर लोन, २०० कोटी पौंडांच्या वर, सगळ्या कर्जाचा चौथा हिस्सा. त्याच्या अटींप्रमाणे १९२९ आधी तो परत करता येत नव्हता. एकतर्फी व्याज कापणं म्हणजे करारभंग. आणि पुढे सोन्याच्या दरामुळे व्याजदर चढे, म्हणून स्वस्त दरानं बदलून घ्यायला गिऱ्हाईक नाही. संपत्तीवर एकदाच मोठा कर लावून कर्ज फेडा, अशी मजूर पक्षाची जुनी मागणी होती. राष्ट्रीय कर्जावर नेमलेल्या कोल्विन समितीच्या बहुमतानं १९२७ मध्ये ती नाकारली. सोनं सुटल्यावर मात्र दर पडले. ३० जून १९३२ ला बँक दर २ टक्क्यांवर आला आणि त्याच दिवशी अर्थमंत्री चेंबरलेन यांनी जाहीर केलं: पाच टक्क्यांऐवजी साडेतीन घ्या, नाहीतर शंभर पौंड रोख परत घ्या. लवकर हो म्हणणाऱ्याला शंभरामागे एक पौंड बक्षीस. ९२ टक्के लोकांनी मान्य केलं. व्याजात ३० टक्के घट. त्या रोख्यांत बँका होत्या तशा विधवा आणि निवृत्त शिक्षकही होते, हे विसरू नका.

मग बेकारांवर अन्याय झालाच नाही का? रोखेधारकाला पर्याय दिला, मुदत दिली, मुद्दल शाबूत ठेवलं, देशभक्तीचं आवाहन केलं. बेकाराला पर्याय नव्हता आणि त्याच्या घरात येऊन मोजणी झाली. उलट बाजूनं, किमती एवढ्या पडल्या होत्या की १५ शिलिंग ३ पेन्सांत १९२१ पेक्षा जास्त भाकरी येत होती, आणि ती कपात १ जुलै १९३४ ला रद्दही झाली. व्याज मात्र पुन्हा कधीच वाढलं नाही. तेव्हा कोणाचं किती गेलं हे तुम्ही कोणतं वर्ष आणि कोणतं माप घेता त्यावर आहे. निबंधात ते आधी स्पष्ट करा.

एक दुरुस्तीही करा. ‘ब्रिटननं व्याज वेळच्या वेळी भरलं’ हे देशातल्या रोखेधारकांपुरतं खरं. अमेरिकेचं युद्धकर्ज १९२३ च्या करारानं ६२ वर्षांत फेडायचं होतं. १९३३ मध्ये नावापुरते हप्ते दिले, १९३४ पासून तेही थांबले. म्हणजे कर्ज बुडवता येतच नव्हतं असं नाही. कोणाचं बुडवायचं हा प्रश्न होता.

आपला धागाही यात आहे. युद्धात हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली, तिचं ओझं इथल्या करदात्यावर. आणि १९३१ नंतर रुपया पौंडालाच बांधलेला असल्यामुळे सोन्याचा भाव रुपयात वाढला. शेतमालाचे भाव कोसळलेले, सारा आणि सावकार दोन्ही दारात. तेव्हा खेड्यापाड्यांतल्या पाटल्या, पुतळ्या मोडल्या गेल्या आणि मुंबई बंदरातून लंडनला गेल्या. त्या सोन्यानं पौंड सावरायला आणि व्याजदर पाडायला हातभार लावला. म्हणजे वॉर लोनचं व्याज साडेतीनवर आलं त्यात कुठेतरी आपल्या पणजीच्या पाटल्याही आहेत. सर्वस्वी त्यामुळे, असं मात्र म्हणू नका.

शेवटी एक नोंद, जी मला सगळ्यात जास्त सतावते. बेकार विमा निधीनं मंदीत ट्रेझरीकडून घेतलेली उसनवार साडेदहा कोटी पौंडांवर पोचली होती. १९३४ च्या कायद्यानं ती माफ केली नाही. निधीनं दरवर्षी ५० लाख पौंड बाजूला काढून ती व्याजासकट फेडायची असं ठरलं. ज्या वर्गण्यांतून बेकाराला भत्ता मिळायचा त्यांतूनच. तुमच्या सरांना हे कलम दाखवा. कर्जफेडीसाठी गरिबांची मदत वापरली गेली का, या प्रश्नाचा शब्दशः पुरावा हवा असेल तर तो १९३१ च्या गदारोळात नाही, या कलमात आहे.